आजवर न भेटलेला मासा

दसरा होऊन गेला की आमच्या शिवाजी पार्कमागच्या समुद्राचा रंग पालटतो. पावसाळाभर तो फार वेळ उकळलेल्या चहासारखा असतो. मग दारावरचे झेंडूचे हार वाळून काळपट होतात, दुपारचं ऊन डोक्यात शिरायला लागतं, आणि एका सकाळी फिरायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, "आज पाणी स्वच्छ आहे, नाही?" स्वच्छ म्हणजे मुंबईच्या मानाने स्वच्छ. पण त्यात हिरवी झाक आलेली असते, लाट फुटताना तिच्या पोटातून उजेड आरपार दिसतो, आणि त्याच आठवड्यात कठड्यावर गळवाले येऊन बसतात.

कुणाच्या हातात चकचकीत काठी आणि तिला चाक, कुणाकडे पाण्याच्या रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली नुसती नायलॉनची दोरी. पायाशी पिशवीत सोललेली कोळंबी. परवा सकाळी त्या रांगेच्या मागून चालताना तो कोळंबीचा वास आला आणि माझे हात आपोआप ओढणीला पुसले गेले. हातांना माझ्याआधी आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वीचा एक हिवाळा मी या वासात काढला होता. मी त्याला मंदाताईंचा हिवाळा म्हणते.

मंदाताई म्हणजे माझ्या नवऱ्याची, विलासची, थोरली बहीण. लग्न केलं नाही. घोडपदेवला चाळीतल्या आई-वडिलांच्या खोलीत एकट्या राहायच्या. वडील गिरणीत होते, मूळ गाव मालवणच्या बाजूला. ताईंनी सगळी नोकरी टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून केली. कानावर यंत्र लावून परगावचे कॉल जोडून द्यायच्या. आवाज तेव्हाही असा खणखणीत, की चाळीच्या खालच्या नळावरून हाक मारली तर तिसऱ्या मजल्यावरचा माणूस उठून उभा राहील. निवृत्त झाल्या, चार दिवस स्वस्थ बसल्या, आणि पाचव्या दिवशी एक मासे धरायची काठी घेऊन घरी आल्या. कोकणात याला गरवणं म्हणतात. "उद्यापासून मी गरवायला जाणार," त्यांनी फोनवर सांगितलं. विलासला वाटलं, म्हातारपणाची लहर आहे, ओसरेल.

ती लहर नव्हती. गावच्या खाडीवर सुट्टीत वडिलांनीच त्यांना गरी, म्हणजे गळ, टाकायला शिकवलं होतं. मुलगी हुशार निघाली. मग एका मे महिन्यात आजीने सांगितलं, मोठी झाली आता, पुरे झालं पाण्यात उतरणं. वडिलांनी काही न बोलता गरी तिच्या हातातून काढून घेतली आणि कौलाखाली खोचून ठेवली. पुढची कितीतरी वर्षं ताईंनी मासा पाहिला तो बाजारात किंवा ताटातच.

आता या वयात परत काठी धरली तेव्हा त्यांना मोठा मासा नको होता, पुष्कळ मासेही नको होते. त्यांना हवा होता वेगळा मासा. आजवर न भेटलेला. त्या 'पकडला' असं म्हणायच्याच नाहीत, 'भेटला' म्हणायच्या. एका जातीचा एक भेटला की ती जात झाली. पुढच्या वेळी तसलाच आला तर "तू मागे येऊन गेलास रे" असं म्हणून बाजूला. आणि नवा मासा नीट बघून झाला की त्याला परत पाण्यात सोडायचं.

हे शेवटचं आमच्या घरात फार जड गेलं. विलासच्या घराण्यात माशावर जेवढा जीव आहे तेवढा मी माहेरी गिरगावात दत्ताच्या पालखीवरही पाहिला नव्हता. ताईंनी एकदा सहज सांगितलं की काल तांबोशी लागली होती, चांगली हातभर, सोडली. विलासने हातातला घास खाली ठेवला.

"तांबोशी सोडलीस? ताई, तांबोशी?"

"मगे काय करू? बघून झाली."

"बघून झाली म्हणजे काय? ती काय स्थळ म्हणून आलेली मुलगी आहे?"

"तुला खायची तर बाजारात मिळते," ताई म्हणाल्या. "बघायला मिळते का सांग."

त्या वेळी मीही विलासच्या बाजूने हसले होते. मी लग्नानंतर मासे खायला शिकले, रांधायला शिकले, दादरच्या बाजारात कोळणीशी भाव करायलाही शिकले. पण मला मासा ओळखू यायचा तो तुकड्यावरून. अख्खा, जिवंत, स्वतःचा असा मासा मी पाहिलाच नव्हता, आणि आपण तो पाहिलेला नाही हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीत ताई आमच्याकडे आल्या तेव्हा आरतीचं तबक त्यांच्या हातात वाजत होतं. निरांजनाची वाटी पितळेवर किण किण करत राहिली आणि सगळ्यांनी ती ऐकून न ऐकल्यासारखं केलं. नंतर परळला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ताईंना चालायला लावलं, बोटं जुळवायला लावली, कागदावर गोल काढायला लावले. मग म्हणाले, कंपवात आहे. औषधं आहेत, पण हळूहळू वाढत जाणारा आजार आहे. ताईंनी एकच प्रश्न विचारला.

"हात किती दिवस चालतील?"

"ते माणसामाणसावर असतं," डॉक्टर म्हणाले. "हातांना काम देत राहा."

"काम आहे माझ्याकडे," ताई म्हणाल्या आणि पर्स उचलून उभ्या राहिल्या.

घरी येताना टॅक्सीत विलासने विषय काढला. आता एकटीने समुद्रावर जायचं नाही. तोल गेला, चक्कर आली, तर बघणार कोण? ताई खिडकीतून बाहेर बघत होत्या. "मग तुझ्या बायकोला पाठव राखणीला," त्या म्हणाल्या. "ती शिकवते ती शाळा दुपारची आहे." मी मधल्या सीटवर दोघांमध्ये बसले होते. मला कुणी विचारलं नाही. पण दसऱ्यानंतर सकाळच्या पहिल्या भरतीला मी दादरच्या चौपाटीवर हातात पाण्याची बाटली आणि मलमपट्टीची पिशवी घेऊन हजर होते.

पहिली सकाळ मला अजून जशीच्या तशी दिसते. ताई कठड्यावर बसल्या, मांडीवर ओला पंचा पसरला, आणि दोरीला गळ बांधायला घेतला. गळाच्या डोळ्यातून दोरी जाईना. उजवा हात हलायचा, दोरीचं टोक डोळ्याच्या आजूबाजूला नाचायचं. मी हात पुढे केला.

"द्या ताई, मी ओवते."

"थांब. माझं मी."

त्यांनी उजवं मनगट गुडघ्यावर दाबून धरलं, श्वास सोडला आणि डाव्या हाताने गळ दोरीकडे आणला. पुन्हा चुकलं. पुन्हा आणला. शेजारी एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ काठी लावून बसले होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही, पण त्यांचं स्वतःचं काम थांबलं होतं. बऱ्याच वेळाने दोरी डोळ्यातून गेली. ताईंनी गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली, आणि जणू काहीच झालं नाही अशा आवाजात म्हणाल्या, "कोळंबी दे."

त्या दिवशी एकच मासा लागला, शिंगाळा. मिशावाला, काटेरी, त्यांना आधी कैकदा भेटलेला. तो त्यांनी दाढीवाल्यांना दिला. त्यांचं नाव युसुफभाई. आयुष्यभर टॅक्सी चालवलेली, आता मुलाच्या हाती दिलेली. ते मात्र घरच्या कालवणासाठी गळ टाकायचे आणि मासा सोडणारी बाई त्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

"मौसी, तुम्ही ते लहानवाले सोडता ते समजतं," ते म्हणाले. "पण मोठा पण सोडता, ये क्या बात हुई?"

"ज्याला भेटायला बोलावलं त्याला कापायचं का?" ताईंनी विचारलं.

युसुफभाईंनी मान हलवली. "माझ्याकडे दावत आहे मौसी. दावतमध्ये कापावंच लागतं." दोघंही हसले. तेव्हापासून ताईंचे जुने ओळखीचे मासे त्यांच्या पिशवीत जायचे, आणि त्यांच्या गळाला काही निराळं लागलं की ते आधी हाक मारायचे, "मौसी, हे बघितलं का?" पण दुसऱ्याच्या गळाला लागलेला ताई मोजायच्या नाहीत. बघायच्या मात्र डोळे भरून.

ते बघणं मला त्या हिवाळ्याने दिलं. मासा वर आला की ताई आधी स्वतःचे तळवे समुद्राच्या पाण्यात भिजवायच्या. कोरड्या हाताने त्याची कातडी भाजते म्हणायच्या. मग त्याला ओंजळीत आडवा धरून उजेडाकडे करायच्या. हात थरथरत असायचा, त्यामुळे माशाच्या अंगावरचा उजेडही थरथरायचा. "काय गो, कुठची तू?" त्या त्याला विचारायच्या. बाजारातला बोय मासा मी इतकी वर्षं राखाडी समजत होते. जिवंत बोयच्या पाठीवर मोरपिशी रेघा असतात, डोळ्याभोवती सोनेरी कडं असतं, आणि ते सगळं तो मरताना बरोबर घेऊन जातो. एकदा लेप लागला. पानासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. ताई म्हणाल्या, जन्मतो तेव्हा डोळे दोन्हीकडे असतात, मग वाळूत आडवा पडून राहायचं ठरवतो तशी खालची नजर हळूहळू सरकत वर येते. मला त्या बिचाऱ्याचं कौतुक वाटलं. एकदा केंड लागला. हातात घेतल्याबरोबर तो रागाने फुगत फुगत चेंडू झाला आणि कुरकुर आवाज करायला लागला. कठड्यावरची सगळी माणसं गोळा झाली. एवढासा जीव, आणि आम्हा सगळ्यांवर चिडलेला. त्याला पाण्यात सोडला तर तो फुगलेलाच तरंगत राहिला, मग एकदम हवा सोडून खाली गेला, आणि आम्ही शाळेतल्या पोरांसारख्या टाळ्या वाजवल्या.

नावांवरून तर रोज भांडण. ताई मालवणी नाव सांगायच्या, पलीकडे बसणारे एक कोळी दादा त्यांचं सांगायचे, युसुफभाई तिसरंच. एका माशाला तीन नावं आणि तिघंही ठाम. मी मधे पडून म्हणायचे, मोबाइलवर बघू का? तिघंही माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मी मोबाइल पुन्हा पर्समध्ये टाकायचे. भांडणात जी गंमत होती ती उत्तरात नव्हती.

शाळेत दुपारी फळ्यावर लिहिताना बोटांना कोळंबीचा वास यायचा. मुलींनी नाकं मुरडली. पण मी वर्गात नव्या मुलीचं नाव विचारताना, ती काय सांगते ते पूर्ण ऐकून घ्यायला लागले होते. आधी मी नुसती हजेरी घ्यायचे. हा फरक कुठून आला ते मला माहीत होतं.

सगळंच असं गोड चाललं नव्हतं. डिसेंबरात ताईंचा हात वाढला. वाढला म्हणजे हलणं वाढलं. बटणं लागेनात, चहा बशीत सांडे. कठड्यावरून लागणारे बहुतेक मासे एव्हाना भेटून झाले होते, आणि ताईंना खडकातले मासे हवे होते. वरळीच्या किल्ल्याखाली ओहोटीला खडक उघडे पडतात, तिथे जायचा त्यांनी हट्ट धरला. मी नाही म्हटलं. त्या एकट्या निघाल्या, म्हणून मी मागून गेले. खडकांवर शेवाळ होतं. ताईंनी गळ टाकला, दोरी जोरात ओढली गेली, त्या एक पाऊल पुढे सरल्या आणि घसरल्या. मी त्यांचा पदर धरला तो हातात राहिला, त्या खाली गेल्या. खालच्या कपारीत पाणी कमरेएवढंच होतं, पण नडगी सोलून निघाली होती आणि पाणी लाल व्हायला लागलं होतं. दोन कोळी बायका धावत आल्या, आम्ही तिघींनी त्यांना वर काढलं. काठी त्यांनी सोडली नव्हती. दोरी मात्र तुटली होती.

"कोण होता तो?" त्या थंडीने कुडकुडत मला विचारत होत्या. "शुभदा, तू बघितलास का गो? कोण होता?"

टाके पडले. दुसऱ्या दिवशी आम्ही घोडपदेवला गेलो. विलास खोलीत शिरला, कोपऱ्यातली काठी उचलली, स्टुलावर चढला आणि ती माळ्यावर, वडिलांच्या जुन्या ट्रंकेच्या मागे सरकवून दिली.

"झालं आता," तो म्हणाला. "पुरे झालं ताई."

ताई कॉटवर बसल्या होत्या, पाय उशीवर. बाहेर गॅलरीत कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. त्या नेहमीच्या खणखणीत आवाजात नव्हे, अगदी हळू म्हणाल्या, "बाबांनीही असंच केलेलं."

विलास स्टुलावरून उतरत होता, तो तसाच थांबला.

"तेव्हा मी लहान होते. का म्हणून विचारायचं कळलं नाही. आज विचारते. का रे?"

"तू पडलीस म्हणून. मेली असतीस म्हणून."

"तेव्हा तर पडले नव्हते."

विलासला ही गोष्ट माहीतच नव्हती. तो ताईंच्या पाठचा, बऱ्याच वर्षांनी झालेला. त्याला त्याच खाडीवर त्याच वडिलांनी गळ टाकायला शिकवलं होतं आणि कधी थांबवलं नव्हतं. आपल्या बहिणीच्या हातातून तो काढून घेतला गेला होता हे त्याला त्या दिवशी, पन्नाशी उलटल्यावर कळत होतं. त्याच्या चेहऱ्यावर ते मला सावकाश उमटताना दिसलं.

"विलास," ताई म्हणाल्या, "हात जाणार आहेत. ते मला कळतंय. जेवढे दिवस आहेत तेवढे तरी माझे मला खर्चू दे."

तो पुन्हा स्टुलावर चढला. माळ्यावर हात घालून त्याने काठी बाहेर काढली, तिच्यावरची धूळ आपल्या शर्टाला पुसली आणि ताईंच्या मांडीवर आडवी ठेवली. "खडकावर नाही," तो म्हणाला. "खुर्चीवर बसून. आणि रविवारी मी येणार."

असा विलास आमच्यात आला. तो घडीची खुर्ची उचलायचा, थर्मास भरायचा, आणि दर रविवारी सोडलेल्या प्रत्येक माशाबरोबर त्याच्या तोंडातून एक बारीकसा हुंकार निघायचा. युसुफभाई त्याची समजूत घालायचे, "सबर करा भाई, सबर." पायाची जखम भरली. खडकांऐवजी आम्ही माहीमच्या बाजूला जायला लागलो. खाडीचं पाणी समुद्राला मिळतं तिथे एक बांध आहे, त्यावर खुर्ची नीट बसते. दोन पाण्यांचे मासे तिथे येतात, असं युसुफभाईंचं म्हणणं होतं, आणि ते खरं निघालं. थंडीचे ते महिने आमच्यासाठी फार उदार होते. ताईंना तिथे इतके नवे चेहरे भेटले की त्या नव्या नवरीसारख्या दमून आणि खुशीत घरी यायच्या. "टेलिफोनवर पण असंच असायचं," एकदा त्या मला म्हणाल्या. "तारेच्या पलीकडे कोण आहे ते दिसायचं नाही. पण हॅलो म्हटल्याशिवाय राहवायचं नाही."

होळीच्या आधीचा एक रविवार. भरती चढत होती. ताईंच्या काठीला झटका बसला आणि चाक करकरत फिरायला लागलं. अशी दोरी पळताना मी कधी पाहिली नव्हती. युसुफभाई उठून उभे राहिले. लांब पाण्यात एक रुपेरी अंग उसळून वर आलं, जबडा उघडून झटकलं आणि धप्पकन पडलं.

"जिताडा," विलास म्हणाला. देवाचं नाव घ्यावं तसं.

हा मासा ताईंना भेटला नव्हता. किती वेळ त्या त्याच्याशी खेळल्या ते सांगता येणार नाही. तो ओढायचा तेव्हा त्या सोडायच्या, तो थांबला की गुंडाळायच्या. खुर्चीतून त्या कधी उठल्या ते कुणालाच कळलं नाही. विलास त्यांच्या मागे दोन्ही हात पसरून उभा होता, पण शिवत नव्हता. ताईंचा नियम त्याला ठाऊक होता. दुसऱ्याचा हात काठीला लागला की तो मासा आपला नाही. ताईंचे हात आता नुसते हलत नव्हते, उडत होते. चाकाची मूठ त्यांच्या बोटांतून निसटायची, त्या पुन्हा शोधायच्या. मासा दमून जवळ आला होता, पाण्याखाली त्याची पाठ दिसत होती. आणि तिथे ताईंची बोटं थांबली. मिटेचनात. त्यांनी हाताकडे पाहिलं, जसं आपण ऐनवेळी न आलेल्या माणसाच्या वाटेकडे बघतो.

दोरी ताठ होती. अजून एक झटका, की ती तुटली असती आणि तो गळ तोंडात घेऊन खोल पाण्यात गेला असता.

"विलास," ताई म्हणाल्या, "धर."

"ताई, तुझा आहे तो. तू..."

"धर म्हणते ना. त्याचे हाल होतील."

विलासने काठी धरली. थोड्याच वेळात युसुफभाईंनी जाळी खाली घालून मासा वर घेतला. ताईंनी तळवे भिजवले, बांधावर गुडघे टेकून बसल्या आणि त्याच्या अंगावरून हात फिरवला. त्याचे डोळे उन्हात लालसर चमकत होते. त्यांनी त्याला मन भरून पाहिलं. मग विलासकडे बघून म्हणाल्या, "तुझा मासा. काय करायचं ते तू सांग."

विलासने माशाकडे बघितलं. बहिणीकडे बघितलं.

"सोडू?" त्याने विचारलं.

ताई हसल्या. "मेल्या, तोंडाला पाणी सुटलंय तुझ्या. खोटं कशाला वागतोस? माझा असता तर मी सोडला असता. तुझा आहे. घरी ने."

त्या दुपारी घोडपदेवच्या त्या मजल्यावर सणच झाला. शेजारच्या बायकांनी वाटण वाटलं, कुणी तांदूळ धुतले, युसुफभाई नव्या सदऱ्यात दावतीला आले. ताईंनी माशाचं डोकं स्वतःच्या पानात मागून घेतलं आणि हलत्या हाताने, सांडत, चोखत, सगळं संपवलं. मी विचारलं, "ताई, वाईट वाटत नाही?" त्यांनी हाडातला शेवटचा तुकडा काढला. "चवीला बरा आहे गो," म्हणाल्या. "पण डोळे बघितलेस त्याचे?"

त्यानंतर त्यांनी काठी धरली नाही. कुणी काढून घेतली नाही, कुणी माळ्यावर टाकली नाही. एका सकाळी त्यांनी ती युसुफभाईंच्या नातीला दिली. ती तेव्हा कॉलेजात शिकायची आणि कधीकधी आजोबांबरोबर यायची. देताना गाठ कशी मारायची ते तेवढं शिकवलं.

आता ताई आमच्याकडेच असतात, दादरला. चालणं कमी झालं आहे. हा आजार फक्त हातापायांत राहत नाही, तो चेहऱ्यावरही पसरतो. माणूस आतून हसतो पण गाल हलत नाहीत. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं, तरी रोज सकाळी त्यांचा तो शांत, थिजलेला चेहरा बघताना मला चुकल्यासारखं होतं. आवाजही खाली गेला आहे, कान जवळ न्यावा लागतो. पण पाणी निवळलं की मी आणि विलास त्यांना चाकाच्या खुर्चीतून कठड्यापाशी नेतो. तिथली जुनी माणसं त्यांना ओळखतात. मासा पिशवीत टाकण्याआधी पाणी भरलेल्या बादलीतून त्यांच्यासमोर आणतात. ताई वाकून बघतात आणि हळूच नाव सांगतात. बोय. ढोमा. काळुंद्र. कोणी पैज लावतं, कोणी मुद्दाम फसवायला बघतं. त्यांचं चुकत नाही.

परवा त्या कोळंबीच्या वासातून आम्ही पुढे गेलो तेव्हा युसुफभाईंची नात धावत आली. बादली दोन्ही हातांनी धरलेली, पाणी हिंदकळत होतं.

"मौसीनानी, हे काय लागलंय बघा ना! नाना म्हणतात त्यांना पण माहीत नाही."

बादलीत बोटभर लांबीचा एक मासा होता. अंगावर पिवळे आणि जांभळे पट्टे, शेपटीला काळा ठिपका, आणि पाठीवर एक पीस जोडावं तसा उभा पर. तो गोल गोल फिरत होता. माणसं जमली. कोळी दादा आले, त्यांनी मान हलवली. युसुफभाई काठी टेकत आले. सगळे ताईंच्या तोंडाकडे बघत होते. ताईंनी हात पुढे केला. मी तो बादलीतल्या पाण्यात भिजवून दिला. मासा त्यांच्या थरथरत्या बोटांच्या मधून एकदा गेला, परत आला, परत गेला. त्या खूप वेळ बघत राहिल्या. मग त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"नाही गो," त्या म्हणाल्या. "हा मला माहीत नाही."

आणि त्या हसल्या. कितीतरी महिन्यांत न हललेला तो चेहरा एका बाजूने सुटला, मग दुसऱ्या, डोळे बारीक झाले, दात दिसले. विलासने खुर्चीची मूठ घट्ट धरली. ताई बादलीवर वाकून त्या माशाला पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि या वेळी आवाज सगळ्यांना ऐकू येत होता, "हा मला माहीतच नाही!"